राज्य सेतीवर

काकीच्या माडीवरच्या खिडकीतून आमचं सगळं अंगण दिसायचं. मी सकाळपासून त्या खिडकीशी जात होतो, माघारी येत होतो, परत जात होतो. शेवटी काकी वैतागली.

"अरे कान्छा, बैस की एका जागी! माडी खाली आणशील माझी."

बसू कसा? दुसऱ्या दिवशी जीप येणार होती. मग काठमांडू, मग कतार. पण पंडितबाजेंनी निघायचा मुहूर्त काढला तो आदल्या दिवशीचा, ऊन अंगणात उतरायच्या आतला. म्हणून पहाटेच आमानं, माझ्या आईनं, कपाळाला दही-अक्षता लावल्या, भरल्या कळशीत मी फूल टाकलं, आणि बॅग उचलून भिंतीपलीकडे फुलमाया काकीकडे येऊन बसलो. एकदा मुहूर्तावर निघालं की परत घरी पाऊल टाकायचं नाही, नाहीतर हाती घेतलेलं कामच उलटतं. आमच्या गावातून परदेशी जाणारे सगळे असेच जातात. मुहूर्त काढणाऱ्याच्या घरी कुत्रं नसणार, एवढंच मी म्हणेन.

कारण तो दिवस नेमका कुकुर तिहारचा, कुत्र्यांच्या पूजेचा. आणि खाली अंगणात आमची कुत्री सेती मला शोधत होती.

तिला खेळायचा नाद मीच लावलेला. दाणे काढलेलं कणीस फेकायचं, तिनं पळत जाऊन आणायचं. पाठीवरची टोपली आडवी ठेवून तिला उड्या मारायला लावायचं. नळाखाली दोघांनी भिजायचं आणि आमाच्या शिव्या खायच्या. पण तिचा जीव लपाछपीत. राज्य कायम तिच्यावरच. आमा तिचे डोळे झाकायची, मी लपायचो, आणि तिनं हुडकलं की ओरडायचो, "सापडलो गं बाई!" हे शब्द कानावर पडेपर्यंत तिचा खेळ संपायचा नाही आणि ती अन्नालाही तोंड लावायची नाही. पासपोर्टासाठी शहरात गेलो तेव्हा बसमागे धावत गेली होती. परतली ती लंगडत. आता जीपमागे धावली तर? खालचा रस्ता सगळा ट्रकांचा.

म्हणून कित्येक दिवस मी बाच्या मागे लागलो होतो. "बा, एकदा लप की. तुझी सवय झाली तर राहील ती घरी."

"या वयात कुत्रीपासून लपू? गाव हसेल मला," असं म्हणून बा विळा उचलायचा आणि गवताला निघून जायचा. दगड परवडला, असा आमचा बा.

खाली आमानं सेतीला टिळा लावला, गळ्यात झेंडूची माळ घातली, पुढ्यात तांदळाच्या पिठाची तळलेली सेल रोटी आणि उकडलेलं अंडं ठेवलं. सेतीनं हुंगलंसुद्धा नाही. पेरूचं झाड, पाण्याचा ड्रम, गोठा, परत पेरूचं झाड. मग भिंतीशी येऊन ती नाक वर करून कण्हायला लागली.

मी खिडकीतून ओरडणारच होतो. काकीनं दंड धरला.

"खबरदार! आवाज ऐकला की भिंत चढून येईल, आणि मग उद्या तिला कोण आवरणार?"

"बांधलं तर दोर तोडते गं, काकी."

"बापानं केलं तसं कर मग. मुंबईला चौकीदारीवर निघाला तेव्हा तुला म्हणाला, तू लप, मी शोधतो. तू पेंढ्यामागे लपलास आणि हा गुपचूप उतार उतरून गेला. दिवेलागण झाली तरी तू बाहेर यायला तयार नाहीस. बा शोधायला येतोय म्हणून बसलेला."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. "बाला माहीत आहे हे?"

"परत आला तेव्हा मीच सांगितलं. त्यानंतर पाहिलंस का त्याला कुणाशी खेळताना?"

नव्हतं पाहिलं.

तेवढ्यात खाली बा घरातून बाहेर आला. गल्लीत कुणी बघत नाही ना, ते त्यानं दोनदा पाहिलं. आमाला सेतीचे डोळे झाकायची खूण केली आणि गुडघ्यांवर हात टेकत पेंढ्याच्या ढिगामागे जाऊन बसला. त्याची टोपी वरून दिसत होती.

आमानं हात काढले. सेती थेट पेंढ्यामागे गेली आणि भुंकली. ती परत भुंकली.

"अहो, म्हणा की ते!" आमा ओरडली.

पेंढ्यामागून बाचा घोगरा आवाज आला. "सापडलो गं बाई."

सेती शेपटी हलवत बाहेर आली. अंडं एका घासात संपवलं, सेल रोटी तोंडात धरली आणि परत पेंढ्यामागे गेली. मी खिडकीशीच बसलो. राहील आता घरी, जीपमागे नाही येणार. मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला.

"संपला खेळ," आमा म्हणाली. "या आता बाहेर."

बा आला नाही.

ऊन अंगणातून सरलं, तरी पेंढ्यामागे टोपी तिथंच दिसत होती. आमानं हाका मारणंही सोडून दिलं. भिंत काही फार उंच नव्हती. ती ओलांडून जायचं आणि बाला शोधायचं, एवढंच तर होतं. मी उठलो, जिन्यापर्यंत गेलो, आणि परत खिडकीशी आलो.