न धुतलेली सहाण

मी सहाण बोलतेय. देवघरात चंदन उगाळायची असते ती मी नव्हे. ती माझी मानाची बहीण. मी घुटीची सहाण. तान्ह्या बाळाला रोज सकाळी वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, खारीक, बदाम असं एकेक उगाळून आईच्या दुधात चाटवतात ना, ते सगळं माझ्या पाठीवर उगाळलं जातं. मी तळहाताहून थोडी मोठी, काळी, गोल, आणि मला खाली तीन आखूड पाय आहेत. दगडाला तोंड नसतं असं लोक समजतात आणि मीही आजवर त्यांचा समज मोडला नाही. पण एकदा माझ्यामुळे एका लेकराचा जीव जायची वेळ आली होती, आणि तरीही मला कुणी टाकून दिलं नाही. त्या उपकाराबद्दल बोलल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म तापी नदीकाठच्या प्रकाशा गावचा. यात्रेत एक पाथरवट पाटे-वरवंटे मांडून बसला होता. एका मोठ्या पाट्याचा कोपरा घाव चुकून उडाला, तो वाया कशाला घालवायचा म्हणून त्याने मला घडवलं. म्हणजे मी चुकीतूनच जन्मले. गावातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने मला विकत घेतलं, कारण तिच्या घरी दगा नावाचा मुलगा नुकताच जन्मला होता. मला घरी आणलं ते तिच्या थोरल्या मुलीने, तापीने. ती तेव्हा सात वर्षांची होती. डोक्यावर घेऊन मिरवत निघाली आणि वाटेत तिने मला दोनदा पाडलं. माझ्या काठाचा एक टवका गेलेला आहे तो त्या दिवसाचा.

तापीचं लग्न लवकर झालं आणि पंधराव्या वर्षी ती पांढऱ्या कपाळाने माहेरी परत आली. आईमागून घुटीचं काम तिच्याकडे आलं. स्वतःला मूल नाही, पण गल्लीतलं एकही मूल असं नव्हतं की ज्याने तिच्या बोटाची घुटी चाटली नाही. दगाला आणि पुढे त्याच्या बायकोला ती ताई, बाकी साऱ्या गावाला तापी फुई, म्हणजे आत्या. कुठल्या मुळीचे माझ्यावर किती वेढे द्यायचे हे ती बोटांवर मोजायची आणि बाळाचं पोट नुसतं चाचपून सांगायची, आज हिरडा जास्त हवा.

तिचा एक कडक नियम होता. मला पाण्याने धुवायचं नाही. उगाळून झालं की लुगड्याच्या पदराने पुसायचं आणि कोनाड्यात ठेवायचं. कुणी नवी सून मला घेऊन मोरीकडे निघालीच तर फुई ओरडायची, "धुई टाकी तं गुन वाही जास वं!" मला तर ते ऐकून फार बरं वाटायचं. तीस वर्षांच्या घुट्यांचा पिवळसर थर माझ्या अंगावर होता. घरात एवढी भांडी, पण रोज घासून चकचकीत व्हावं लागत नाही अशी मी एकटीच.

एकोणीसशे पस्तीस साली दगाच्या घरी मगन जन्मला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. दगाची बायको रुक्मिणीबाई नवस बोलून थकली होती, आणि फुईला तर अस्मान ठेंगणं झालं. तिने माझ्यासाठी नव्या मुळ्या आणल्या. मगनला चौथा महिना लागला तेव्हा ती त्याला बदाम सुरू करू लागली. दगाला सांगून तिने नंदुरबारच्या बाजारातून चांगले टपोरे बदाम मागवले होते.

आठवडा गेला असेल. एके सकाळी घुटी झाल्यावर मगनचे ओठ सुजले. अंगावर गांधी उठल्या, मग ओकारी. मीठ-मोहरी उतरवून चुलीत टाकली, दृष्ट फार कडक निघाली असं सगळ्यांचं मत पडलं. पण चार दिवसांनी पुन्हा तेच. मग शेजारणी म्हणाल्या, आईचं दूध बाधतंय, ती काय खाते ते बघा. झालं, रुक्मिणीबाईच्या ताटातून एकेक पदार्थ उठू लागला. आधी वांगं गेलं, मग तुरीची डाळ, मग शेंगदाणे, लसूण, तीळ, केळं. सहा महिने ती बाई भाकरी आणि मीठ यावर राहिली. तिची गालफडं बसली, दूध आटत चाललं, पण तिने एकदाही कुरकुर केली नाही.

फुई तिच्या बाजूने सगळ्यांशी भांडायची. आणि पोरगं वाळतंय म्हणून तिने बदामाचे दोन वेढे होते त्याचे चार केले. मी मेली गार दगड, मला तरी काय कळत होतं? मी उगाळून देत होते.

छत्तीस सालच्या पौषात मगनचा श्वास अडकला. छाती भात्यासारखी वरखाली होई आणि ओठ निळे पडले. दगाने बैल जुंपले, नावेतून नदी ओलांडली आणि गाडी नंदुरबारला पळवली. तिथे स्टेशनाजवळ निर्मलाबाई नावाच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. मुंबईला शिकून आलेल्या. त्यांनी सुई टोचली, आणि तासाभरात पोराच्या ओठांवर रंग आला. मी तेव्हा घरी कोनाड्यात होते. हे सगळं मला नंतर फुईच्या बोलण्यातून कळलं.

निर्मलाबाई म्हणाल्या, "याला कुठलंतरी अन्न सोसत नाही. कुठलं ते अंदाजाने ठरवायचं नाही, तपासून बघू. आठ दिवस या पुड्या द्या. मग याला घेऊन या, आणि याच्या नि तुमच्या पोटात जे जे जातं किंवा जायचं ते सगळं चिमूट चिमूट बांधून आणा."

त्या आठ दिवसांत फुईने घुटी बंद ठेवली, कारण दोन औषधं एकावर एक द्यायची नसतात. मगन खुलला, रांगायला लागला. सगळ्यांनी पुड्यांचे गुण गायले.

आठव्या दिवशी गाडी निघाली. रुक्मिणीबाईने पुरचुंड्या बांधल्या होत्या: ज्वारीचं पीठ, डाळ, शेंगदाणे, तीळ, लसूण, वांग्याची फोड, केळं, बाटलीत गाईचं दूध. फुईच्या गाठोड्यात मी होते. पुड्या संपल्या होत्या, आता घुटी पुन्हा सुरू करायची होती.

दवाखान्यात निर्मलाबाईंनी मगनला आईच्या मांडीवर पालथं घातलं, पाठ पुसली आणि सुईने बारीक बारीक ओरखडे काढले. रक्त येईल न येईल एवढेच. पहिल्या ओरखड्यावर नुसतं पाणी ठेवलं. "हा साक्षीदार," त्या म्हणाल्या. "पाण्याने काही उठलं नाही, म्हणजे कातडी खरं बोलते." मग एकेका ओरखड्यावर एकेका पुरचुंडीतला थेंब. मगनने असा टाहो फोडला की दगा बैलांना पाणी दाखवतो म्हणत बाहेर पळाला. बैल तर तासापूर्वीच पाणी प्यायले होते.

वीस मिनिटं थांबले. पाठ सपाट. ना लाली, ना सूज.

"यातलं याला काहीच बाधत नाही," निर्मलाबाई म्हणाल्या.

रुक्मिणीबाई पुरचुंड्यांकडे बघत राहिली. मग तिला रडू फुटलं. "मंग सहा महिना मी कसाले उपाशी ऱ्हायनी?"

"आणखी काही देता का याला? नीट आठवा."

"काहीच नही डॉक्टरीणबाई. देवनी आन," रुक्मिणीबाई म्हणाली. आणि ती खोटं बोलत नव्हती.

तिकडे बाहेर ओट्यावर फुईने मला गाठोड्यातून काढलं होतं. पोर एवढं रडलंय, घुटी चाटवली की शांत होईल. तिने वेखंड उगाळलं, हळकुंड उगाळलं, बदाम घेतला, एवढ्यात निर्मलाबाई हात धुवून बाहेर आल्या.

"हे काय चाललंय?"

"घुटी."

"रोज देता?"

"रोज देस ना. आठ रोज बंद व्हती, तुम्हना पुड्यासमुये."

"अहो, मग मी इतक्यांदा विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

फुईला खरंच नवल वाटलं. "तुम्ही खावानं पुसं, बाई. घुटी का खावानी ऱ्हास?"

निर्मलाबाई तशाच ओल्या हातांनी ओट्यावर बसल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी मला आत नेलं, मगनची पाठ पुन्हा पुसली, नवे ओरखडे काढले आणि माझ्यावर एकेक मुळी उगाळून थेंब ठेवले. थोड्याच वेळात वेखंडाची गांध उठली. हळकुंडाची उठली. मुरुडशेंगेची, जायफळाची, खारकेची, आणि बदामाची तर सगळ्यांत मोठी.

"सगळंच कसं बाधेल?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "असं होत नाही."

तेव्हा कोपऱ्यातून रुक्मिणीबाई हळूच बोलली. "हाई सान कधीच धुवत नहीत, डॉक्टरीणबाई."

निर्मलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाठीवर स्वच्छ पाण्याचे दोन थेंब टाकले, बोटाने चोळले आणि तेच पाणी शेवटच्या ओरखड्यावर ठेवलं. मुळी नाही, बदाम नाही, नुसतं पाणी आणि मी. सगळे त्या एका ठिकाणाकडे बघत बसले. मी तीस वर्षं कोनाड्यात काढली, पण तेवढी लांब वीस मिनिटं मला आठवत नाहीत.

पाण्याची गांध उठली. चवळीच्या दाण्याएवढी, लालबुंद.

मी काय सांगू? ज्या थराचा मला तोरा होता, तोच त्या पोराचा श्वास दाबत होता. मला लाज वाटली. दगडालाही वाटते.

त्या दिवशी सगळे धर्मशाळेत राहिले. सकाळी निर्मलाबाईंनी मला सोडा आणि उकळत्या पाण्याने, काथ्याने घासघासून धुतलं. मुळ्यांची वरची साल चाकूने काढली. पुन्हा ओरखडे, पुन्हा थेंब, दर वेळी मला नव्याने धुणं. या वेळी पाठ सगळी सपाट राहिली, एक सोडून. "बदाम," त्या म्हणाल्या. "फक्त बदाम. याला त्याचा स्पर्शही नको. बाकी सगळं खाऊ दे." मग रुक्मिणीबाईकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्हीही खा, बाई. पोटभर खा."

दगाने परतीच्या वाटेवर बाजारात गाडी थांबवली आणि भाजलेल्या शेंगा घेतल्या. रुक्मिणीबाई त्या सोलून सोलून खात होती आणि हसत होती. फुई मात्र मला घट्ट धरून बसली होती. नाव नदीच्या मध्यावर आली तेव्हा ती एकदम उठून उभी राहिली. मी तिच्या दोन्ही हातांत होते आणि खाली हिरवंगार पाणी.

"मीच जहर दिधं त्याले. ह्याच हातनी," ती म्हणाली.

"बस वं ताई, नाव हाली ऱ्हायनी!" दगा ओरडला.

रुक्मिणीबाईने मगनला दगाच्या मांडीवर दिलं आणि फुईचं मनगट धरलं. "ताई, तुम्ही जानीसन दिधं का? मन्हासाठे सारा गावशी भांडन्यात तुम्ही. ठेवा तो दगड मांडीवर."

फुई बसली. मी वाचले. पण घरी आल्यावर तिने मला हात लावला नाही, आणि मगनलाही नाही. तो रांगत तिच्याकडे आला की ती हात पदराखाली घ्यायची. आपल्या हातांचीच तिला भीती बसली होती. पोर तिच्या गुडघ्याशी उभं राहून रडायचं, ती भिंतीकडे तोंड करून बसायची. कोनाड्यातून ते बघणं मला नदीत पडण्याहून जड गेलं.

नवव्या दिवशी सकाळी रुक्मिणीबाईने मला खाली काढलं, गरम पाण्याने आणि राखेने धुतलं, आणि फुईच्या पुढ्यात ठेवलं. शेजारी सोललेलं वेखंड आणि हळकुंड. "ताई, घुटी तुम्हीच द्या. मन्हा हातनी तो थुकी टाकस."

फुई मान हलवत राहिली. "मन्हावर भरोसा करस तू?"

"तुम्हनावर नही करू तं कोनावर करू?"

फुईने मला उचललं, मोरीवर नेलं आणि पुन्हा एकदा धुतलं. मग बसून वेढे मोजायला लागली. मगनने तिचं बोट चाटलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि तिच्या मांडीवर चढून बसला.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मधे एकदा मगनला पुन्हा तपासून आणलं, बदामाची गांध तशीच उठली. काही बिघडलं नाही. कुणाच्याही लग्नात आधी फुई आचाऱ्यापाशी जाते, लाडवात काय काय घातलंय ते विचारते, आणि आचारी तिला पाहून हात जोडतो. गल्लीतल्या बाळांना ती अजून घुटी देते, पण आता कुणी सून मला न धुता पुढ्यात आणते तेव्हा फुई ओरडते. तुमच्या घरी तान्हं असेल आणि माझी एखादी बहीण कोनाड्यात असेल, तर तेवढं ऐका. गुण मुळीत असतो, आमच्या अंगावरच्या थरात नसतो. आणि डॉक्टरांनी विचारलं तर घुटीही सांगा.

मी आता मधे खोलगट झाले आहे. परवा फुईचं डोकं फार दुखत होतं. मगन नंदुरबारच्या शाळेतून सुटीला आला होता. आवाजही फुटलेला, ओठांवर लव. त्याने मला कोनाड्यातून काढलं, सुंठ शोधली. फुई डोळे मिटून पडली होती. मोरीवर पाण्याचा आवाज झाला, बराच वेळ. मग तो तिच्या उशाशी येऊन बसला, सुंठ उगाळली आणि बोटाने तिच्या पांढऱ्या कपाळावर लेप लावू लागला.

"फुई," तो म्हणाला, "धुई लिधी वं."

"माले आवाज उना," फुई म्हणाली, आणि तिने त्याचा हात कपाळावरच धरून ठेवला.