चंपतची कविता ऐकलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे; तीही साधीसुधी नव्हे, अध्यक्षांची! भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा रशियाहून यंत्रे मोठमोठ्या लाकडी पेट्यांतून येत. त्या पेट्यांच्या फळ्यांतून लहानू सुताराने मला घडवले आणि सेक्टर १० मधल्या मराठी मंडळाच्या खोलीत आणून ठेवले. बाकी सारे सतरंजीवर बसत, त्यामुळे मीही जरा फुगलेच होते.

दर रविवारी तिथे कवितावाचन होई. अध्यक्ष ठरलेले, कारखान्याच्या ऑफिसातले मारोतराव. "मी आपला साधा माणूस, दोनच शब्द बोलतो," असे म्हणत ते माझ्यावर बसत, आणि ते दोन शब्द दुपारपाळीचा भोंगा होईपर्यंत संपत नसत. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरे काय!

भट्टीवर काम करणारा चंपत मात्र सर्वांच्या आधी येऊन सतरंजी अंथरी. मग खिशातून सिमेंटच्या पिशवीचा कागद काढून माझ्यासमोर आपली कविता म्हणून बघे. गावी एकट्या राहिलेल्या आईवर होती ती. तिच्या हातच्या भाकरीच्या ओळीपाशी त्याचा आवाज दर वेळी अडखळे. ती एकदा तरी सर्वांना ऐकवावी, एवढीच त्याची इच्छा. पण माणसे जमली, की तो मागे दाराशी जाऊन बसे.

एके दिवशी मंडळाच्या चिटणीस सत्यशीलाबाई म्हणाल्या, "चंपतभाऊ, उद्या तुमी बदली होऊन राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीवर चालले. आज तुमीच पहिले वाचा."

"नाही बाई, पहिले मोठ्या मानसाईले वाचू द्या. मी वाचतो ना मंग."

"माझं काय, दोनच मिनिटं!" असे म्हणत मारोतरावांनी जाडजूड वही उघडली.

भोंगा झाला. चंपत उठून चपला घालू लागला.

"अहो, तुमची कविता?" सत्यशीलाबाईंनी विचारले.

"राहू द्या. मारोतरावाईची मस्त झाली," तो म्हणाला आणि ड्युटीवर गेला. तो पुन्हा कधीच आला नाही.

पुढे माझा पाय मोडला आणि मला कोठीत टाकले. इथे फार एकटे वाटते. मारोतरावांचे एक वाक्यही मला आठवत नाही. चंपतची कविता ओळन् ओळ पाठ आहे, पण ती ऐकवायला माझ्यापाशी त्याचा आवाज नाही.

म्हणून मित्रांनो, सभा भरली की आधी दाराशी बसलेल्या माणसाकडे जा. तो "मंग वाचतो" म्हणेल, पण त्याचे ऐकू नका. त्याच्या खिशात कागद असतो.