स्पीकरची कड

माझा नवरा गिटार वाजवतो आणि मी त्याचा आवाज लोकांपर्यंत पोचवते. हे ऐकून लोक वा म्हणतात. वा म्हणण्यासारखं त्यात काही नाही. तो स्टेजवर असतो, मी हॉलच्या मागच्या टोकाला आवाजाच्या मिक्सरपाशी, आणि मधे खुर्च्याच खुर्च्या. तुमचा संसार टिकला तो त्या खुर्च्यांमुळे, असं माझी नणंद म्हणते. ती आमच्या बँडमध्ये गाते. तिचं सगळ्याच गोष्टींवर मत असतं.

त्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण दिवसा तो घरी गिटार शिकवतो. मीही म्हणते, पण फक्त भांडताना.

आता माईकचं सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. गिटारचा आवाज एका लाकडी डब्यातल्या स्पीकरमधून निघतो. लोकांना वाटतं, तोच आपण ऐकतो. कसलं काय. हॉलभर जातो तो त्या स्पीकरसमोर लावलेल्या माईकने उचललेला आवाज, आणि माईक कुठे लावलाय यावर सगळं अवलंबून. स्पीकरच्या बरोबर मध्यावर लावला तर आवाज धारदार. कडेकडे नेला की मऊ. अगदी कडेला गेला की घोंगडी पांघरल्यासारखा. बोटभर सरकवला तरी दुसराच कुणी वाजवतोय असं वाटतं. स्पीकरवर काळं जाळीचं कापड ताणलेलं असतं, त्यामुळे मध्य कुठला आणि कड कुठली हे लांबून कुणाला दिसत नाही. त्यातच माझं फावलं.

गेल्या वर्षी कधीतरी त्याचा आवाज टोचायला लागला. वाजवणं तेच, बोटं तीच, पण वरचे सूर कानात सुईसारखे जायचे. मला आधी वाटलं तारा नवीन असतील. मग वाटलं हॉल वाईट असेल. मग एकदा घरी कुकरची शिट्टी झाली आणि हा शेजारच्या खोलीतून विचारतो, "कुकर लावलाच नाहीस का अजून?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: बारीक, वरचे आवाज याला ऐकू येईनासे झालेत.

एका रात्री जेवताना मी म्हटलं, "जरा कान दाखवून घे."

"कशाला?"

"असंच. वय झालं."

"वय तुझंही झालंय," तो म्हणाला. मग पाणी प्यायला, पेला खाली ठेवला, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "हे बघ, माझा आवाज मला कळेनासा झाला की मी वाजवणं सोडणार. दुसऱ्याच्या कानांनी वाजवणार नाही."

दुसरा कुणी असता तर मी म्हटलं असतं, बोलतात माणसं. पण हा बोलला की करतो. सिगारेट एका सकाळी सोडली ती सोडलीच. थोरल्या भावाशी बोलणं सोडलं तेही असंच, आणि त्याचं कारण आता दोघांनाही आठवत नसेल. मी ताटं उचलली.

त्यानंतर मी माईक सरकवायला लागले. मिक्सरवरचं ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांचं बटण, कमी करून भागलं असतं, पण कार्यक्रम संपला की हा मिक्सरपाशी येऊन प्रत्येक बटण निरखतो, ही त्याची जुनी खोड. माईककडे मात्र बघत नाही. डबा तर विंगेत, पडद्याआड असतो, कारण तो जवळ असला की नणंदेला स्वतःचं गाणं ऐकू येत नाही म्हणे. अँप, म्हणजे बटणांचा खोका, तेवढा त्याच्या हाताशी, आणि पायाशी मॉनिटर, म्हणजे माईकने उचललेलाच आवाज त्याला ऐकवणारा छोटा स्पीकर. तेव्हा माईक थोडा कडेकडे. पुढच्या कार्यक्रमाला आणखी थोडा. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक येऊन त्याला म्हणायचे, मास्तर, तुमचा आवाज हल्ली काय मुरलाय. तो ऐकून घरी येताना गाडीत शीळ घालायचा. मी खिडकीबाहेर बघायचे.

असं करत करत माईक स्पीकरच्या पार कडेला पोचला. त्यापलीकडे नुसतं लाकूड.

परवाच्या हॉलचा नियम असा की बाहेरच्यांनी फक्त मिक्सरला हात लावायचा. वायरी आणि माईक हॉलचा माणूस लावणार. हा माणूस गळ्यात टॉर्च अडकवून हिंडतो. आम्ही पोचलो तेव्हा तो डब्यासमोर उकिडवा बसून, टॉर्च जाळीवर टेकवून आतला स्पीकर बघत होता.

"दादा, हा माईक जरा कडेला घ्या," मी म्हटलं.

"कडेला?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला माईक बादलीत बुडवायला सांगितला होता. "ताई, कडेला आवाज मरतो. इथे बरोबर मध्य आहे. आम्ही एवढी वर्षं मध्यावरच लावतो."

"आमचं जरा वेगळं आहे."

"सगळ्यांचं वेगळंच असतं," असं म्हणून तो पुढच्या वायरीकडे गेला.

मी ठरवलं, याची पाठ वळली की सरकवू. पण त्याची पाठ वळायच्या आत नवऱ्याने गिटार गळ्यात घातली आणि वाजवलं.

काय सांगू. पत्रा कापावा तसा आवाज रिकाम्या हॉलभर गेला. ड्रमवाल्याच्या हातातली काठी पडली. नणंदेने दोन्ही कानांवर हात ठेवले. नवरा तेवढा मान हलवून खूश. म्हणाला, "वा. कितीतरी दिवसांनी मॉनिटर मोकळा झाला."

"मास्तर," टॉर्चवाला विंगेतून म्हणाला, "ट्रेबल कमी करा जरा."

"नेहमीइतकंच आहे."

"अहो, बटण वरच्या टोकाला टेकलंय तुमचं."

नवऱ्याने अँपकडे पाहिलं, मग बहिणीकडे. तिचे हात अजून कानांवर होते. "तुला टोचलं?" त्याने विचारलं. एरवी तिचं तोंड बंद करावं लागतं. त्या वेळी ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिथेच सगळं फुटलं. नवरा खुळा नाही. त्याने गिटार काढून ठेवली आणि विंगेत आला.

"एक काम करू," तो म्हणाला. "फुसफुस लावू."

गिटार न वाजवता अँप मोठा केला की स्पीकरमधून नुसती फुसफुस येते. कानांना हेडफोन लावून ती माईकमधून ऐकायची आणि माईक फिरवायचा. मध्यावर ती तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचरते, कडेला जवळजवळ विझते. माईकची जागा शोधायची ही रीत. त्याने टॉर्चवाल्याचे जाड हेडफोन घातले, डब्याकडे पाठ करून एका पेटीवर बसला आणि मला म्हणाला, "मध्यापासून कडेपर्यंत ने. सावकाश. बदल झाला की मी हात वर करीन."

मी माईक स्टँडवरून काढून हातात घेतला. मध्यावर धरला. सावकाश कडेला नेला. त्याचे हात मांडीवर होते. मला वाटलं, विचार करत असेल. मी माईक परत मध्यावर आणला आणि परत कडेला नेला. माईक हॉललाही चालू होता, तिथून मलासुद्धा फरक कळत होता, टॉर्चवाल्याला कळत होता, नणंदेला कळत होता. त्याची मान खाली, डोळे मिटलेले, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा कान देऊन बसलेला.

"अगं, सुरू कर ना," तो म्हणाला. "कुणाची वाट बघतेस?"

टॉर्चवाल्याने टॉर्च विझवला आणि कुठेतरी निघून गेला. भला माणूस.

मी नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"झालं," मी म्हटलं.

"काय झालं?"

"नेला. आणला. परत नेला."

तो उठला, हेडफोनची वायर नीट गुंडाळून पेटीवर ठेवली आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

"वहिनी, तो आज वाजवणार नाही," नणंद म्हणाली. "आणि आज नाही तर कधीच नाही."

"माहितेय मला," मी म्हटलं. मी भित्री बाई नाही, पण त्या दारातून बाहेर पडताना मला भीती वाटत होती हे खरं.

मागे पायऱ्या होत्या. खाली दोघेजण एका टेंपोतून खुर्च्या उतरवत होते. तो सगळ्यात वरच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी बसले.

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

"आणि तू माईक सरकवत होतीस."

"हो."

त्याने बोट हवेत मध्यापासून कडेकडे नेलं. मग म्हणाला, "म्हणजे माईक तू कडेला नेलास की मला मॉनिटरमध्ये मंद यायचं. मग मी ट्रेबल वाढवायचो. मग तू आणखी कडेला."

वर्षभर रोज याच धंद्यात असून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तसं. त्याच्या कानांनी जेवढं नेलं, त्यात माझ्या हातांनी भर घातली होती. "ते मला सुचलं नाही," मी म्हटलं.

"सांगितलं का नाहीस?"

"तू सोडलं असतंस."

"तो माझा प्रश्न होता."

"आणि माझा नव्हता?" आता मी चिडले. इतका वेळ आवरून धरलं होतं. "तू गिटार ठेवून देशील, मोठा निश्चयाचा माणूस तू. मी काय ऐकायचं मग? कुकर? मला तुझं वाजवणं हवं होतं, मास्तर. अजून हवंय. खोटं बोलले ती त्यासाठीच, आणि त्याची लाजही नाही वाटत मला."

खुर्च्यावाल्यांनी वर पाहिलं आणि परत कामाला लागले.

"लोक म्हणायचे, आवाज मुरलाय," तो म्हणाला. "मी शीळ घालायचो गाडीत."

"बोटं तुझीच होती."

"आवाज तुझा होता."

खरंच होतं ते. टेंपो रिकामा होईपर्यंत आम्ही तिथे बसलो. मग तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. "आज माईक मध्यावरच राहील," तो म्हणाला. "कुणी हात लावायचा नाही. ट्रेबल ही सांगेल तिथे ठेवतो. जे निघेल ते निघेल. पुढचं पुढे."

ही म्हणजे नणंद, आमच्या मागे दारात येऊन उभी राहिलेली. आत जाऊन तिने अँपचं बटण खाली आणलं, आणखी खाली आणलं, आणि म्हणाली, "दादा, आता छान आहे." त्याने एकदा वाजवून पाहिलं. मी मिक्सरपाशी पोचले होते, तिथून मला ते फार सुंदर ऐकू आलं. त्याचा चेहरा मात्र बेचव जेवण गिळल्यासारखा झाला.

संध्याकाळी हॉल भरला. पहिली दोन गाणी त्याने वाजवली ती मान खाली घालून, चोख, एकही सूर इकडेतिकडे नाही. लोकांनी टाळ्या दिल्या. मला त्यात तो कुठे सापडत नव्हता. दिलेला हिशेब पुरा करावा तसं चाललं होतं. मनात म्हटलं, संपलं, हा आजच्यापुरता वाजवतोय.

तिसरं गाणं त्याचं आवडतं. त्यात मधे गाणं थांबतं आणि नुसती गिटार असते. तिथे आला आणि रंगला. डोळे मिटले, खांदे सैल सोडले, आणि रंगातच त्याचा हात सवयीने अँपकडे गेला. ट्रेबल वर. पत्रा पुन्हा कापायला लागला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मान वळवली.

माझं बोट त्याच क्षणी मिक्सरवरच्या ट्रेबलवर होतं. जरा फिरवलं की झालं. लोकांना कळलं नसतं, त्यालाही कळलं नसतं, आणि त्या दिवशी तो माझ्या मिक्सरकडे बघायलाही आला नसता. वर्षभर मी दुसरं काय केलं होतं?

तेवढ्यात त्याने डोळे उघडले आणि अंधारात माझ्याकडे पाहिलं. माझ्यापाशी छोटा दिवा असतो, त्यात माझा चेहरा दिसतो. इतक्या वर्षांत वाजवताना त्याने कधी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. गरजच पडली नव्हती.

मी बोट उचललं आणि मान हलवली. नाही.

त्याने बटण थोडं खाली आणलं आणि पुन्हा पाहिलं. मी पुन्हा नाही म्हटलं. माझे डोळे भरून आले होते आणि नाक गळत होतं, पण मान हलवायला डोळे लागत नाहीत. त्याने आणखी खाली आणलं, आणखी जरासं, आणि तिथे थांबून विचारल्यासारखं बघत राहिला, डावा हात तारांवर चालूच.

मी होकार दिला. त्याने डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघतच त्याने तो तुकडा पुरा वाजवला.