पट्टीखालचा पिवळा दिवा

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो, करंगळीच्या नखाएवढा. एका जुन्या मोटारीत, चालकासमोरच्या काट्यांच्या ओळीत माझं घर आहे. माझ्या काचेवर इंजिनाचं इवलंसं चित्र आहे. लहान मुलांना ते पाण्याच्या नळासारखं दिसतं. कारखान्यात मला बसवलं तेव्हा एकच काम नेमून दिलं. इंजिनाला दुखलं-खुपलं की तू पेटायचं. कुणाची मर्जी बघायची नाही.

ते मी पाळलं, म्हणून माझ्या तोंडावर पट्टी बसली. त्या पट्टीचा सूड मी कसा घेतला, ते सांगतो. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

आमच्या बाई परिचारिका. घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायच्या, आणि टेकडीवरच्या वस्तीत तर त्यांच्याशिवाय कुणी फिरकतही नसे. बारा वर्षं मी त्यांच्या डोळ्यांसमोर विझून होतो. मी विझलेला असलो की समजावं, घर सुखात आहे.

मग एकदा इंजिन उतरवून दुरुस्त करावं लागलं. त्या भागातले नावाजलेले मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, त्यांनी ते काम केलं. हात सोन्याचा, पण घाईचा. इंजिन परत बसवताना एका वायरीला धरून ठेवणारी चिमटी लावायची राहिली, आणि झाडूबरोबर कचऱ्यात गेली. झालं! चढावर, मागे माणसं बसली, की जोर लावताना इंजिन कलायचं, सैल वायर लोखंडाला घासायची, इंजिनाला ठसका लागायचा आणि मी पेटायचो. सपाटीवर दोन दिवस गेले की पुन्हा विझायचो.

बाई गॅरेजात गेल्या. उस्तादांची एक जुनी सवय होती. गाडी आत आली की आधी बॅटरीची तार काढायची, चहा प्यायचा आणि मग तार जोडून तपासणीचं यंत्र लावायचं. पण ती तार सुटली, की इंजिनाच्या मेंदूत टिपलेलं दुखणं सगळं पुसलं जायचं. मग यंत्र सांगणार काय?

"ताई, गाडी ठणठणीत आहे. काचेवर ऊन पडतं, त्यात तुम्हाला दिवा दिसतो."

"उन्हातला आणि दिव्यातला फरक कळतो हो मला."

"जागरणं होतात ना तुमची? होतो माणसाला भास."

बाकावर बसलेली गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. चौथ्या खेपेला उस्तादांनी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडला आणि माझ्यावर डकवला. "घ्या, आजार बरा झाला!"

विझलेल्या दिव्याचा अंधार वेगळा, मित्रांनो, आणि झाकलेल्या दिव्याचा वेगळा. त्या काळोखात मी ठरवलं, उस्ताद, याच बाकासमोर, याच गिऱ्हाइकांदेखत, तुमची चूक तुमच्याच तोंडून वदवून घेईन.

त्यातच गाडी चढावर दोनदा बंद पडली. बाईंचे यजमान म्हणाले, "उस्तादांनाच काही सापडत नाही म्हटल्यावर संपलं. महिनाअखेरच्या रविवारी भंगारात देऊन टाकू." टेकडीवरच्या आजाऱ्यांकडे मग पायी कसं जायचं, याचा हिशेब बाई मनात करत असाव्यात.

पट्टी काढली ती सासूबाईंनी. गुडघ्यांच्या उपचाराला त्या मागे बसून टेकडीपलीकडे जायच्या. पुढे वाकून त्यांनी नखानं ती खरवडली. "डोळा झाकून दुखणं जातं का गं? मग माझ्या गुडघ्यांनाही एकेक लाव."

त्या दिवसापासून बाईंनी माझा तक्ता मांडला, आजाऱ्याच्या तापाचा मांडतात तसा. कधी पेटला, रस्ता कसा, मागे कोण, कधी विझला. दोन आठवड्यांत कागद बोलू लागला: चढ असला आणि मागे माणसं असली, की दिवा.

भंगारात द्यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्या सासूबाईंना घेऊन गॅरेजात आल्या. उस्ताद सवयीनं पाना घेऊन बॅटरीकडे निघाले.

"थांबा. तिला हात लावायचा नाही."

"का?"

"तोंडातून काढल्यावर थर्मामीटर आधी झटकता आणि मग ताप बघता का?"

बाईंनी किल्ली पुढे केली. "चढावर चला. तुम्ही चालवा, आम्ही दोघी मागे बसतो." बाकावरचे एक जाडजूड किराणावाले गंमत बघायला आपणहून पुढच्या सीटवर येऊन बसले. आयतंच वजन!

अर्ध्या चढावर इंजिन कललं, आणि मी पेटलो. जन्मात पेटलो नव्हतो असा. इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

"काय रे बाबा," मागून सासूबाई म्हणाल्या, "तुलाही भास झाला का?"

उस्तादांनी सोबत आणलेलं यंत्र तिथेच जोडलं. आज त्याला सगळं आठवत होतं. झाकण उघडून बोट फिरवत ते वायरीपाशी आले. तिचं तांबं उघडं पडलं होतं, आणि शेजारी चिमटीचं भोक रिकामं होतं. त्या भोकावर त्यांचं बोट थांबलं. आपलं काम आपल्याला ओळखता येतं.

वायर तात्पुरती बांधून परत आल्यावर किराणावाल्यांनी बाकावर सगळी हकीकत रंगवून सांगितली. उस्तादांचे कान लाल झाले. "ताई, चिमटी मीच विसरलो. आणि भास म्हणालो, तेही चुकलंच."

मला दया यायला हवी होती, असं वाटतं ना तुम्हाला? नाही आली. मला फार बरं वाटलं.

वायर नवी झाली, चिमटी बसली, रविवारी भंगारवाला हात हलवत परत गेला. आणि मी विझलो. सूड पुरा झाला तसं माझं पेटणंही संपलं. आता किल्ली फिरली की दोन श्वासांपुरता उजळतो, तेवढाच.

मित्रांनो, कुणी पुन्हा पुन्हा एकच दुखणं सांगत असेल, तर त्याच्या तोंडावर पट्टी लावू नका. आधी ऐका, मग हात लावा. झाकलेला दिवा विसरत नाही.

गाडी गॅरेजात आली की उस्ताद हल्ली किल्ली फिरवून माझ्या विझण्याची वाट बघत बसतात, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखे. त्यांच्यासाठी मी जरा उशिराच विझतो.