डाव्या अंगाचा पाटा

काष्टीच्या आबासाहेबांची मोटार डावीकडे झुकते ती त्यांच्या बायकोच्या वजनाने, असं अख्ख्या गावानं ठरवून टाकलं होतं. गावाला ठरवायला काय लागतं? रंगुबाई अंगानं भरलेली, आणि मोटारीत मागं डाव्या खिडकीशी बसायची. बायको म्हणजे नवऱ्याची वामांगी, डाव्या अंगाची, तशी ती मोटारीतही डावीकडं बसली, एवढाच काय तो तिचा गुन्हा.

मोटार जुनी ॲम्बॅसिडर. आबासाहेब आणि त्यांचे थोरले भाऊ काकासाहेब यांची सामाईक. चैत्रात एकदा, नेमक्या बाजाराच्या दिवशी, ओढ्याच्या चढाला मागचं डावं चाक मडगार्डला घासायला लागलं. आबासाहेब मागं वळून म्हणाले, "उतर, जरा चालत ये. गाडीचा जीव जायचा." बाजाराला आलेली माणसं पोट धरधरून हसली. रंगुबाई पदर सावरत चढ चढली. तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो गिळायची तिला सवय होती.

पण वैशाखात श्रीरामपूरला तिच्या भावाच्या, मच्छिंद्रच्या, मुलाचं लग्न निघालं. ती सख्खी आत्या. आबासाहेब जेवताजेवता म्हणाले, "तू आदल्या दिशी यष्टीनं जा. मी मागनं मोटारीनं येतो, थोरला दादा अन् दोघंचौघं दोस्त हायेत संगं. एवढ्या लांब गाडीला तुजा भार सोसायचा न्हाई."

रंगुबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. म्हणजे सख्ख्या आत्यानं माहेरच्या मांडवात धूळ झाडत पायी शिरायचं, आणि मोटारीतून कोण उतरणार, तर ह्यांचे चार मित्र! त्या चौघांना वजनच नव्हतं जणू. माहेरी विचारतील, मोटार असून यष्टीनं का आलीस? काय सांगायचं? मी जाड म्हणून?

दुसऱ्या दिवशी आबासाहेब कामाला पुण्याला गेले, दोन दिवसांसाठी. रंगुबाईनं ड्रायव्हर छगनला हाक मारली. "मोटार काढ. नगरला गॅरेजात जायचंय."

"मालकास्नी इचाराया पायजे," छगन चुळबुळत म्हणाला.

"मोटार मालकांची, अन् बदनामी माजी. काढ म्हनते ना!"

नगरला सहादेव मिस्त्रीचं गॅरेज होतं. मोटार आली तशी डावीकडं कललेली, त्यातून रंगुबाई उतरताना त्यानं पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत हसला. "बाईसाहेब, मागं मधोमध बसत जावा. न्हाईतर गाडी अशीच कलती."

"मी आता कुठं उभी हाय?" रंगुबाई म्हणाली.

"खाली की."

"मग आता गाडी कुनाच्या वजनानं कललीया?"

सहादेव हसायचा थांबला. त्यानं रिकाम्या मोटारीभोवती एक फेरी मारली. उजवीकडच्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मधे त्याचा सबंध पंजा आडवा गेला. डावीकडं चार बोटंही शिरेनात. मागच्या टोकावर जोर देऊन त्यानं गाडी खाली दाबली, तर डावीकडून करकर आवाज आला. "चुकलं माजं," तो म्हणाला, आणि जॅक लावून गाडीखाली शिरला.

थोड्या वेळानं खालूनच त्याचा आवाज आला. "चाकावरच्या कमानीचा मोठा पोलादी पाटा मोडलाय. टोकाचे रबरी बुशही पार भुगा झाल्यात. पर बाई, ह्यो पाटा आज न्हाई मोडला. मोडल्या जागी लई गंज चढलाय."

रंगुबाईला वाटलं, छातीवरचा धोंडा कुणी उचलला. एवढ्यात सहादेव बाहेर आला. त्याच्या हातात चिखलानं माखलेलं तारेचं भेंडोळं होतं. मोडक्या पाट्याला कुणीतरी तार आवळून बांधली होती.

"ही तार कुनी बांधली?" त्यानं विचारलं.

छगन जमिनीकडं बघू लागला. रंगुबाई त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तेव्हा तो बोलला. निवडणुकीच्या वेळी मोटार प्रचाराला द्यायची नाही, असं काकासाहेबांनी बजावलं होतं. आबासाहेबांनी ती चोरून नेली. आत, टपावर, डिकीत मिळून पंधरा माणसं कोंबली. पारनेरच्या रस्त्याला पाटा कडाडून मोडला. "मालक सोता खाली वाकून बघत हुते. म्हनले, तार गुंडाळ अन् गप ऱ्हा, दादाला कळाया नगं. मग लोकंच तुमचं नाव घ्याया लागली... मालक म्हनले, बरंच झालं."

बरंच झालं! रंगुबाईच्या अंगाची लाही लाही झाली. लोक हसतात ते एक वेळ सोसवतं, लोकांना उद्योग नाही. पण ज्याच्याशी जन्माची गाठ, तो सगळं ठाऊक असून चढावर खाली उतरवतो? स्वतःचं पाप बायकोच्या अंगावर ढकलून वर तिला यष्टीनं पाठवतो?

"दोन्ही बाजूचे पाटे बदलू," सहादेव हळूच म्हणाला. "एकाच अंगाचा बदलला तर गाडी उजवीकडं कलंल."

"बदला. न्हाईतर मालक जाड झाले म्हनायचं गाव!"

आबासाहेब परत आले तेव्हा मोटार अंगणात सरळ उभी होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, छगनकडं पाहिलं, बायकोकडं मात्र बघितलं नाही. रंगुबाई वाट बघत होती. आपल्याला सगळं कळलंय हे दिसल्यावर एक शब्द तरी बोलतील, निदान घरात, निदान हळू आवाजात. शब्द आला नाही. लग्नाला मात्र ती मोटारीनंच गेली, डाव्या खिडकीशी बसून.

श्रीरामपुरात मांडवापुढं सगळे उतरत असताना सामोरा आलेला मच्छिंद्र म्हणाला, "दाजी, गाडी एकदम ताठ!"

"आमची मंडळी बारीक झाली बघा!" आबासाहेब मोठ्यानं म्हणाले, आणि खदाखदा हसले. सोयरेधायरे हसले. सोबतचे मित्रही हसले.

रंगुबाईनं तेवढ्यात ठरवलं.

विहिणींची पंगत बसली. पलीकडंच पुरुषांचं जेवण चाललं होतं, काकासाहेबांसकट सगळे. बायका मागं लागल्या, "आत्याबाई, नाव घ्या, नाव!" इतर वेळी रंगुबाई थोरल्या दिरासमोर पदर कपाळावर ओढून चार शब्द पुटपुटायची. आज ती उठून उभी राहिली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"पंधरा मानसं कोंबली, मोडला मोटारीचा पाटा,
आबासाहेबांनी तार बांधली, अन् केला माज्या नावाचा बोभाटा!"

आधी बायका हसल्या. मग उखाण्याचा अर्थ पंगतीत पसरत गेला, आणि पुरुषांच्या बाजूचा गलबला थांबला. काकासाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. "कसली पंधरा मानसं? आबा, खरं हाय का ह्ये?"

आबासाहेब मान न उचलता म्हणाले, "खरं हाय."

"मोठ्यानं सांगा," रंगुबाई उभ्यानंच म्हणाली. "मगाशी हसताना समद्यांना ऐकू आलं हुतं."

आबासाहेब पंगतीतून उठून उभे राहिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाटा म्या मोडला. हिचा काई गुन्हा न्हाई."

मग रंगुबाई जेवायला बसली.