डावा गुडघा

मार्सी लाहती हिवाळाभर काउंटीची बर्फ ढकलायची गाडी चालवायची. होटनपासून वर सुपीरिअर तलावाकडे जाणारे रस्ते तिच्याकडे असत. गाडीत ती एकटी, दोन्ही बाजूंना बर्फाचे उंच ढीग आणि समोर काचेवर आपटणारा भुगा. अशा गाडीला इंग्रजीत बर्फाचा नांगर म्हणतात, त्यावरूनच टीममध्ये तिचं नाव ‘नांगर’ पडलं. रोलर डर्बीत प्रत्येकीचं असं एक खेळायचं नाव असतं आणि ते पाठीवर छापलेलं असतं. मार्सीच्या शेजारी दहा वर्षं जी उभी राहिली तिच्या पाठीवर ‘कात्री’ होतं. ती रोंडा बोड्री. होटनमध्ये तिचं केस कापायचं दुकान होतं.

खेळ समजायला अवघड नाही. चाकांचे बूट घालून अंडाकृती रिंगणात फिरायचं. चौघी एकमेकींना चिकटून भिंत करतात, आणि समोरच्या टीममधली हेल्मेटवर चांदणी लावलेली एक जण ती भिंत फोडून पुढे जायला बघते. जितक्या जणींना मागे टाकेल तितके गुण. भिंतीतल्या बायकांचं सगळं लक्ष मागून येणाऱ्या धडकेकडे असतं, त्यामुळे एकमेकींकडे बघायला फुरसत नसते. सगळं स्पर्शावर चालतं. मार्सी आणि रोंडा कंबरेला कंबर लावून उभ्या असत. रोंडानं दोन बोटांनी मार्सीच्या कमरेवर एकदा टकटक केलं की बाहेर सरकायचं, दोनदा केलं की आत. दहा वर्षांत त्या दोघींना रिंगणात तोंड उघडावं लागलं नव्हतं.

मग रोंडाच्या नवऱ्याला खाली विस्कॉन्सिनमध्ये, वॉसॉला, कागदाच्या गिरणीत काम मिळालं आणि ती गेली. सुरुवातीला रोज मेसेज यायचे. पुढे रविवारी यायला लागले, मग सणासुदीला. वाढदिवसाला केकचं चित्र यायचं. आपण ते मनाला लावून घेतलं नाही, असं मार्सी म्हणायची. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती, घरी ती एकटीच होती, आणि एकटं राहण्याची आपल्याला सवय आहे हेही ती म्हणायची.

त्या हिवाळ्यात, ऐन बर्फाच्या सुरुवातीला, गाडीच्या पायरीवरून तिचा पाय निसटला आणि डावा गुडघा आतून दुखावला. डॉक्टरांनी खेळू नको म्हणून सांगितलं. टीममध्ये तिनं कुणाला कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर बाहेर बसवलं असतं, आणि आठवड्यातून दोनदा जायला तिला दुसरी जागा नव्हती. फक्त रोंडाला तिनं फोन केला. रोंडा बराच वेळ बोलली, गुडघ्याला पट्टा कसला घ्यायचा तेही सांगितलं. तो फोन मार्सीला पुढे कित्येक दिवस पुरला.

एप्रिलमध्ये वॉसॉच्या टीमशी सामना ठरला. रोंडा तिथेच खेळत होती. तिचा मेसेज आला, ‘हॉटेलात कशाला, माझ्याकडेच उतर.’ मार्सीनं लगेच कॅप्टनला कळवलं की हॉटेलात मला धरू नका. कॅप्टन म्हणजे ब्रिट माकी, दातांच्या दवाखान्यात काम करणारी, एका लहान मुलाची आई, वयानं मार्सीच्या जवळजवळ निम्मी.

शुक्रवारी दुपारी कामं आटोपून सगळ्या एका व्हॅनमध्ये निघाल्या. गाडी मार्सीनंच चालवायची हे न बोलता ठरलेलं होतं. मागे पोरींनी कागदात गुंडाळलेल्या पास्त्या, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंज्या, सोडल्या, सगळ्या गाडीला बटाट्याचा आणि कांद्याचा वास सुटला, कोण कुणाबरोबर फिरतंय याच्या गप्पांना ऊत आला.

“नांगर, रस्त्यावर बर्फ नाहीये आता,” ब्रिट मागून म्हणाली. “दाब की जरा. शाळेची बस पुढे जाईल आपल्या.”

“बसमधली पोरं निदान गप्प बसतात,” मार्सी म्हणाली.

सगळ्या हसल्या. तिलाही बरं वाटलं. पण वाटेतलं ईगल रिव्हर गाव गाठेपर्यंत एकेकीची मान कलंडली आणि गाडीत फक्त श्वास ऐकू यायला लागले. रस्त्याकडेचा बर्फ विरळ होत गेला, मग नुसते मळके ढीग उरले, मग पिवळं गवत. वॉसॉमध्ये बर्फाचा पत्ताच नव्हता. मार्सीनं पोरींना हॉटेलवर सोडलं. ब्रिटनं तिला रोंडाच्या दारात उतरवलं आणि व्हॅन घेऊन गेली.

मार्सीला वाटलं होतं, घरी रोंडा आणि तिचा नवरा असेल. दार उघडल्यावर आतून मोठा गलका आला. रोंडाची अख्खी नवी टीम जेवायला आली होती. भलंमोठं पातेलं भरून स्पॅगेटी होती, खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून निम्म्या जणी जमिनीवर बसल्या होत्या. रोंडानं तिला घट्ट मिठी मारली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, “ही मार्सी. माझ्या जुन्या टीममधली.”

मैत्रीण असं ती म्हणाली नाही. कदाचित ते न सांगताच कळतं असं तिला वाटलं असेल. मार्सीनं हातातली पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि ताटली घेतली.

त्या बायका चांगल्या होत्या. त्यांनी तिला जागा करून दिली, उद्या तुम्हाला कसं लोळवतो बघा म्हणून थट्टा केली. त्यांच्यात काही हसण्याच्या गोष्टी होत्या, नुसता एक शब्द उच्चारला की सगळ्या खदखदायच्या. मग कुणीतरी आवर्जून मार्सीला ती गोष्ट समजावून सांगायची, आणि मार्सी जरा उशिरा हसायची. ओडेट नावाची एक उंच मुलगी रोंडाला टेकून बसली होती आणि तिच्या ताटातलं खात होती. जेवणं झाल्यावर मार्सीनं भांडी घासायला घेतली.

“ठेव गं ते,” रोंडा म्हणाली.

“असू दे. हाताला काहीतरी काम लागतं मला.”

सगळ्या गेल्यावर दोघी जरा बसू, असं ती धरून चालली होती. पण शेवटची बाई गेली तशी रोंडानं जांभई दिली, तळघरातल्या सोफ्यावर उशी आणि पांघरूण ठेवलं, आणि उद्या सामना आहे, झोप लवकर, म्हणून वर निघून गेली. सोफ्याशेजारी तिचे स्केट्स वाळत ठेवले होते. मार्सीला त्यांचा वास ओळखीचा वाटला.

सामना दुसऱ्या दिवशी दुपारी होता. रिंगणाभोवती लोक घडीच्या खुर्च्या मांडून बसले होते, लहान मुलांना पॉपकॉर्नचे पुडे दिले होते. पहिल्या काही डावांतच मार्सीच्या लक्षात आलं की काहीतरी वेगळं चाललंय. त्यांची चांदणीवाली दरवेळी तिच्या डाव्या अंगाला येत होती. त्यांच्या बाकीच्याही तिला डावीकडूनच धडकत होत्या, अशा की सगळा भार त्या गुडघ्यावर यावा आणि त्याच पायावर वळावं लागावं. एकदा झालं, दोनदा झालं, तेव्हा तिनं योगायोग म्हणून सोडून दिलं. मग ओडेटनं लांबून वेग घेतला, वाटेतल्या दोघींना सोडलं आणि नेमकी तिच्या डाव्या मांडीवर येऊन आदळली. धडक नियमाला धरून होती. मार्सी खाली पडली, उठली आणि पुन्हा भिंतीत जाऊन उभी राहिली. गुडघा आतून गरम झाला होता. आता तिला शंका उरली नव्हती. त्या गुडघ्याचं जगात एकाच बाईला माहीत होतं.

आणि ती बाई तिच्यासमोर, रिंगणाच्या त्या टोकाला, ओडेटच्या कंबरेला कंबर लावून उभी होती. तिची दोन बोटं ओडेटच्या कमरेवर होती. टकटक, टकटक. दोघी आत सरकल्या.

मार्सीला गुडघ्यापेक्षा ते जास्त लागलं. ती खूण रोंडानं आणि तिनं मिळून ठरवली होती, होटनच्या जुन्या स्केटिंग हॉलमध्ये, हीटर बंद पडलेल्या एका संध्याकाळी, तोंडानं बोलायला गेलं की दात वाजत होते म्हणून.

मध्यंतराला होटनची टीम बरीच मागे होती. पोरी घामाघूम होऊन जमिनीवर पसरल्या होत्या. ब्रिट मार्सीपाशी येऊन उकिडवी बसली. तू रोंडाबरोबर इतकी वर्षं खेळलीस, तुला काही माहीत असेल तर सांग, आमची अक्कल तर संपली, असं ती म्हणाली. मार्सी पाणी पीत राहिली. बाटली संपली तरी तिनं ती तोंडाला तशीच लावून ठेवली. मग खाली ठेवली.

“तिच्या हाताकडे बघा,” ती म्हणाली. “कमरेवर एकदा टकटक केलं तर बाहेर जातील. दोनदा केलं तर आत.”

ब्रिटनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि उठून सगळ्यांना सांगितलं.

मध्यंतरानंतर वॉसॉची भिंत कागदासारखी फाटली. त्या आत सरकल्या की होटनची चांदणीवाली बाहेरून निघून जायची. गुण भराभर चढले. चार-पाच डावांनंतर रोंडाची बोटं थांबली. तिनं मान वळवली, रिंगणापलीकडून मार्सीकडे बघितलं आणि मग ओडेटच्या कानाशी काहीतरी बोलली. त्यानंतर त्या तोंडानं ओरडून खेळल्या. पण तोवर उशीर झाला होता. होटन जिंकलं. पोरींनी मार्सीला उचलायचा प्रयत्न केला, ती म्हणाली उचलू नका, खरंच नका, आणि लंगडत बाकावर जाऊन बसली.

सामन्यानंतर दोन्ही टीम मिळून पिझ्झा खायला जायची पद्धत आहे. मार्सी बाहेर गाड्यांपाशी उभी होती. अजून ऊन होतं. रोंडा खांद्यावर पिशवी टाकून आली.

“तूच सांगितलंस ना त्यांना?”

“हो.”

“वाटलंच मला.” रोंडा हसली. तिला राग आलेला नव्हता. “बरं केलंस. मी पण तुझ्या गुडघ्याचं सांगितलं होतं आमच्यात.”

“कळलं ते.”

“रागावलीस होय? अगं, खेळ आहे.”

“ते मी तुला एकटीला सांगितलं होतं, रोंडा. दुसऱ्या कुणालाच नाही.”

“म्हणजे? ब्रिटला पण नाही?” रोंडाचा चेहरा उतरला. ती खोटं बोलत नव्हती, हे मार्सीला दिसत होतं. “मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल. पट्टा बांधतेस, लपतंय थोडंच. आपल्या टीममध्ये कुणाला तरी सांगायला नको का, मार्सी?”

“तुला सांगितलं होतं की.”

रोंडानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग हळूच म्हणाली, “मी तुझ्या टीममध्ये नाहीये गं आता.”

ती ते वाईट बुद्धीनं म्हणाली नव्हती. तिनं मार्सीच्या दंडावर हातही ठेवला. ओडेट गाडीतून हॉर्न वाजवत होती. मार्सी म्हणाली की सकाळी लवकर निघायचं आहे, तर आज मी हॉटेलवरच झोपते, पोरींबरोबर. रोंडानं आग्रह केला नाही. पिशवी घरून आणून देते एवढंच म्हणाली, आणि खरोखर संध्याकाळच्या आत आणून दिली.

रविवारी सकाळी मार्सीला पाय वाकवता येईना. गुडघा पावासारखा फुगला होता. गाडी चालवायला तिनं किल्ली मागितली तेव्हा ब्रिटनं पॅन्ट वर करायला लावून तो बघितला.

“कधीपासून आहे हे?”

“हिवाळ्यापासून.”

“मूर्ख आहेस तू,” ब्रिट म्हणाली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली.

वाटेत ती एकदा म्हणाली, उद्या तुला डॉक्टरकडे मी नेणार आहे, आणि या हंगामात तू खेळणार नाहीस, ओरडायचं असेल तर आत्ताच ओरड. मार्सी ओरडली नाही. ती खिडकीतून बघत बसली. ईगल रिव्हरनंतर गवत संपलं, पुढे सावलीतला बर्फ दिसायला लागला, आणि होटनला पोचेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तो होताच. पोरी एकेक करून उतरत गेल्या. उतरताना प्रत्येकीनं तिच्या खांद्याला हात लावला.

शेवटी ब्रिटनं तिला आधार देऊन घरात नेलं, खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर ठेवला आणि गोठवलेल्या मटारची पिशवी शोधून गुडघ्यावर दाबली. स्वयंपाकघर थंडगार होतं. ब्रिटनं खिशातून फोन काढला.

“कुणाला कळवू? कुणीतरी येऊन बसेल असं कोण आहे?”

मार्सीनं आठवून पाहिलं. इतके दिवस या प्रश्नाला एक नाव होतं, आणि ते विचार न करता तोंडात यायचं. ब्रिट वाट बघत उभी राहिली.

“कुणाला नको,” मार्सी म्हणाली. “तू जा. तुझा पोरगा वाट बघत असेल.”

ब्रिट लगेच गेली नाही. तिनं शेगडीत दोन लाकडं घातली, नळाचं पाणी भरून पेला हाताशी ठेवला, आणि सकाळी नऊला येते, दाराला कडी घालू नकोस, असं बजावून मग निघाली. व्हॅन उतारावरून खाली जाईपर्यंत ऐकू येत राहिली. मार्सीनं रस्त्याच्या खात्याला फोन करून सांगितलं की उद्या आपल्याला येता यायचं नाही. रात्री बर्फ पडणार आहे म्हणतात, साहेब म्हणाला. काहीतरी सोय करतो, काळजी घे. तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. शेगडीतली लाकडं ओली होती, पेटायला वेळ लागत होता.