ओमबाती गप्प बसला त्याची गोष्ट

केरोका गावाच्या बाजारात ओमबातीचं केस कापायचं दुकान आहे. कात्रीपेक्षा त्याची जीभ जास्त चालते. चहाचा भाव, शेजाऱ्याची गाय, पुढाऱ्यांची पोटं, कुठलाही विषय वर्ज्य नाही. पण स्वतःच्या तान्ह्या पोरीशी, बोसिबोरीशी, तो अवाक्षर बोलत नसे. आमच्याकडे पुरुष तान्ह्यांशी बोलत नाहीतच. ती काय उत्तर देणार?

एक दिवस त्याची बायको न्याबोके मळ्यातली खुडलेली चहाची पानं खरेदी केंद्रावर घालायला निघाली आणि पोरीला दुकानात ठेवून गेली.

"दिसेल त्या डोक्याशी बोलता, आज हिच्याशी बोला," ती म्हणाली.

"हिला केस कुठायत?"

"तुमच्या निम्म्या गिऱ्हाइकांना नाहीत. बोला."

ओमबातीनं मनावर घेतलं. म्हाताऱ्या मोगाकांच्या दाढीला साबण लावता लावता तो चटईवरच्या पोरीला खतांच्या किमती सांगू लागला. तिनं तोंड उघडलं की हा पुढच्या विषयावर. शेवटी ती पाठ फिरवून स्वतःचा अंगठा चोखत बसली.

"बघा आजोबा, हिला बोलण्यात रसच नाही."

"कुठनं असणार? इतकी वर्षं येतोय, मला इथं एक वाक्य पुरं करता आलेलं नाही. आता वस्तरा माझ्या गळ्यावर आहे. तो निघेपर्यंत तोंड बंद ठेव. भाचीच्या लग्नात वरपक्षानं आम्हाला किती गाई द्यायच्या, ते ठरवायला मला जायचंय."

ओमबाती गप्प झाला. समोरच्या टपरीवरचं तेल तडतडताना ऐकू येऊ लागलं. तेवढ्यात चटईवरून आवाज आला, "बा."

ओमबातीचे ओठ हलले. मोगाकांनी डोळे वटारले. मग त्यानं नुसत्या भुवया उंचावल्या. "हं?"

पोरीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "बा-बा-दा."

"हं."

"दा!" तिनं चटईवर थाप मारली.

ओमबाती वस्तऱ्यासकट खाली उकिडवा बसला. ती बोलायची, थांबायची, त्याच्या तोंडाकडे बघायची. हा "हं" म्हणाला की पुन्हा सुरू.

"अरे, एक गाल राहिलाय," मोगाका म्हणाले. ओमबातीनं मागे न बघता हातानं थांबायची खूण केली. साबण वाळू लागला. म्हातारा कंटाळून खाली वाकला आणि पोरीला म्हणाला, "मग पुढं काय झालं?" तिनं त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता बापाकडेच तोंड केलं. ओमबातीची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं.

न्याबोके परतली तेव्हा दोघं तसेच जमिनीवर.

"अहो, काय झालं? आवाज बसला का?"

"श्श. तिचं व्हायचंय अजून."

मोगाका एका गालाची दाढी तशीच ठेवून गाई ठरवायला गेले. म्हातारा रागानं अर्ध्यातून उठून आलाय, असं वाटून वरपक्षानं एक गाय जास्त कबूल केली, असं ते सांगतात. आणि आम्हा गिऱ्हाइकांना काही बोलायचं असलं, की आम्ही आधी विचारतो, आज पोरगी दुकानात आहे ना?